खोटं बोलल्यावर दिसणारं रक्त

"दिसलं! मला दिसलं!" एक बाई खुर्चीवरून उठून ओरडली, आणि हॉलमधल्या तीस-चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला.

ओमानमधल्या अल हैल वस्तीतला व्हिला. जूनमधली शुक्रवारची दुपार, बाहेर चप्पल डांबराला चिकटेल असं ऊन. आत जाड पडदे ओढलेले, एसी हुडहुडी भरेल इतका गार, आणि काळोखात टेबलावर एकच दिवा. दिव्यापुढे मुठीएवढी चांदीची डबी. डबीला पुढून-मागून काचेच्या गोल खिडक्या आणि मध्ये कुपी. एकेकाने पुढे जायचं, ब्रदर एडमंडच्या कानात आपलं गुपित सांगायचं आणि खिडकीला डोळा लावायचा. सगळं खरं सांगणाऱ्याला कुपीतलं लाल रक्त दिसायचं. काही लपवणाऱ्याला नुसता काळोख.

ब्रदर एडमंड इंग्रज. साठीचा, सडसडीत, गुळगुळीत दाढी केलेला. सोहारच्या कारखान्यांत सेफ्टीचं ट्रेनिंग देऊन निवृत्त झालेला. कफनी नाही, माळ नाही, अंगारा नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायात साइटवरचे लोखंडी टोकाचे बूट. बोलणंही साइटवरचंच. शेजारी उभा राहून अतुल नावाचा तरुण इंजिनीअर त्याचं मराठी करून सांगायचा.

"ब्रदर म्हणतात, पाप हा शब्द विसरा. जुना झाला. तुम्ही फॅक्टरीत काय म्हणता? अपघात होता होता टळला, तर निअर मिस. आणि निअर मिस लपवला तर? उद्या माणूस मरतो! तसंच आयुष्याचं आहे. ब्रदर म्हणतात, हा धर्म नाही, ही सिस्टम आहे. रिपोर्ट करा, क्लिअर व्हा!"

लोक मान डोलवत होते. रोज सकाळी शिफ्टच्या आधी हेच ऐकायची सवय झालेली माणसं ती.

मी खुदेजा. मूळची दाभोळकडची, इथे भारतीय शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवते. बुवाबाजी मला नवी नाही. आमच्या खाडीकाठी ताईत लिहिणारे आणि पाणी फुंकून देणारे कमी नव्हते, आणि माझ्या फूफीची, म्हणजे आत्याची, कावीळ त्यातल्याच एकाने वाढवली होती. त्यामुळे कुणी दिवा लावून पडदे ओढले की मला आधी राग येतो, कुतूहल मागाहून. मी तिथे गेले ती सुलोचनाताईंसाठी. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. नवरा देवानंद सोहारला मेंटेनन्स इंजिनीअर, आठवडाभर तिकडे, गुरुवारी संध्याकाळी घरी. मुलगी प्रणाली माझ्याच वर्गात, नववीत. गुणी पोर. तिला लहानपणापासून फिट्सचा त्रास, पण रोजच्या गोळ्यांवर गेली चार वर्षं एकही आकडी आली नव्हती.

"मॅडम, एकदा येऊन तर बघा," सुलोचनाताई म्हणाल्या होत्या. "आमच्या प्रणालीला पहिल्याच दिवशी रक्त दिसलं."

मी त्यांच्या घरच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं. त्यांनी ते ओळखलं.

"तुम्हाला वाटत असेल, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. पण मॅडम, त्यात कुठं यांचं नाव आहे? आम्ही देव सोडले, पिंडदान सोडलं, अंगारे-धुपारे सोडले. हे तर इंग्रज. सेफ्टीवाले. शिकलेले."

ज्या दारातून भूत येतं ते दार या घराने पन्नास वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. आता ते खिडकीतून, बूट घालून, इंग्रजी बोलत आलं, म्हणून कुणी ओळखलं नाही.

कुपीची गोष्ट ब्रदर दर शुक्रवारी सांगायचा. पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने पोपशी नातं तोडलं, मठ मोडले, मूर्ती फोडल्या. राजाची माणसं मठात शिरली तेव्हा ब्रदरच्या पूर्वजाने येशूच्या रक्ताची ही कुपी पावात लपवून नेली म्हणे. मग तो समोरच्या रांगेकडे वळून आवाज खाली आणायचा. "तुम्हीसुद्धा धर्म बदललेली माणसं. छळ काय असतो ते तुमच्या रक्तात आहे. म्हणून ही कुपी तुमच्याकडे आली."

हा माणूस घरचा अभ्यास करून आला होता. कुठल्या माणसाला कुठे दुखतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. शिवाय घरात अशा सभा भरवायला इथे परवानगी नाही, म्हणून बाहेर सगळ्यांनी 'सेफ्टी सेशन' म्हणायचं आणि कुणाकडे चकार शब्द काढायचा नाही. प्रत्येकाने आपलं गुपित त्याच्या कानात ओतलेलं. कुणी व्हिसाचं, कुणी नोकरीतलं, कुणी घरातलं. राहायला व्हिला, फिरायला गाडी त्याला याच लोकांनी दिली होती. परत निघताना मी पाहिलं, लोक एकमेकांच्या नजरा चुकवत गाड्यांत बसत होते. देवळातून, मशिदीतून, चर्चमधून बाहेर पडणारी माणसं अशी दिसत नाहीत.

घरी पोचल्यावर इमारतीच्या जिन्यात मी सुलोचनाताईंना सहज विचारलं, "प्रणालीच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

त्या थांबल्या. "बंद केल्या. ब्रदर म्हणाले, ज्याला रक्त दिसलं तो बरा झाला. आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. गोळी घेतली तर पुढच्या वेळी दिसणार नाही."

"कधीपासून?"

"दोन आठवडे झाले. काही झालं नाही बघा!" त्या हसत म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं, ओरडले, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. देवानंद त्या आठवड्यात कामामुळे सोहारलाच अडकले होते; शेवटी त्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, डिसिजन विचार करून घेतलाय." शिकलेला माणूस चुकला की तोही विचार करूनच चुकतो, हे त्या दिवशी मला कळलं.

पुढच्या मंगळवारी वर्गात प्रणालीच्या हातातून पेन उडालं. उचललं, पुन्हा उडालं. हाताला बारीक झटके येत होते. मधल्या सुट्टीत मी तिला थांबवून घेतलं. दार लावलं तशी ती रडायलाच लागली.

"मिस, आय ॲम अ बॅड पर्सन."

"मराठीत सांग, सावकाश."

"सकाळी हात असा असा होतो. मी आईला सांगितलं. मग आई ब्रदरकडे घेऊन गेली. त्यांनी डबी दाखवली. सगळं ब्लॅक. ते म्हणाले, तू काहीतरी लपवते. मिस, मी काहीच नाही लपवलं! मी सगळं सांगितलं, कॉपी केली ते, आईला उलट बोलले ते. तरी ब्लॅक. आई खूप रडत होती. मग..."

"मग काय?"

"मग मी खोटं बोलले. मी म्हटलं, मी दुकानातून चेन चोरली. मी नाही चोरली, मिस. प्रॉमिस. पण ते म्हणाले, गुड गर्ल. आणि डबी पुसली, आणि मला ब्लड दिसलं." ती हुंदके देत होती. "मी गॉडला फसवलं ना? म्हणून हात असा होतोय ना?"

आधी तिला जवळ घेतलं. चौदा वर्षांच्या मुलीला न केलेली चोरी कबूल करायला लावणाऱ्या माणसाचा मला भयंकर संताप आला होता. "प्रणाली, नीट ऐक. तू खरं बोललीस तेव्हा काळोख. खोटं बोललीस तेव्हा रक्त. मग त्या डबीला खरं-खोटं कळतं का?"

तिने डोळे पुसले. विचार करताना तिचं नाक आक्रसतं. "नाही कळत," ती हळूच म्हणाली. मग, "कळत असतं तर उलटं झालं असतं!"

सगळ्या व्हिलाभर पसरलेल्या डिग्र्यांना जे सुचलं नव्हतं, ते या पोरीने रडता रडता शोधून काढलं होतं.

त्या गुरुवारी देवानंद सोहारहून आले तशी मी त्यांच्या घरी जाऊन बसले. सादिकला, माझ्या नवऱ्याला, सांगून गेले होते की आज भांडण होणार, जेवायला थांबू नकोस.

"तुमच्या ब्रदरने अर्धीच गोष्ट सांगितली," मी म्हटलं. "उरलेली मी शिकवते. पुस्तकात दीड परिच्छेद आहे, मी दोन तास घेते. इंग्लंडात मठ मोडायच्या आधी पश्चिमेकडच्या एका मठात अशीच कुपी होती. येशूचं रक्त म्हणायचे. लांबलांबून लोक अनवाणी यायचे. पापी माणसाला ते दिसत नाही अशी वदंता. राजाच्या माणसांनी आणि एका बिशपने ती उघडून तपासली, तर आत मधासारखा पिवळसर चिकट पदार्थ. कुणी म्हणालं बदकाचं रक्त. आणि नंतरच्या काळातल्या लोकांनी असंही लिहून ठेवलंय की कुपीची एक बाजू जाड काचेची होती, दुसरी पातळ. पाप्यापुढे जाड बाजू धरायची. दुसऱ्या एका मठात येशूची मूर्ती डोळे फिरवायची, ओठ हलवायची. तिच्या पाठीत तारा आणि कुजक्या काठ्या निघाल्या. भर बाजारात लोकांना दाखवल्या."

"म्हणजे राजाची माणसं चांगली होती?" सुलोचनाताईंनी विचारलं.

"छे! त्यांना मठांचं सोनं हवं होतं, छपरावरचं शिसंसुद्धा उतरवून नेलं. पुढे राजा बदलला की धर्म बदलायचा, आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांना जिवंत जाळलं. पण कुपी उघडली ती उघडली. त्यानंतरही इंग्रज माणूस ख्रिस्ती राहिलाच ना? ज्याला श्रद्धा ठेवायची त्याला कुपीची गरज लागली नाही. इंग्रजांनी जी लबाडी पाचशे वर्षांपूर्वी फेकून दिली, ती आपण विमानाने मागवून घेतली!"

मग मी प्रणालीला पुढे बोलावलं. तिने चेनची हकीकत सांगितली. आईचा हात तोंडावर गेला.

"देवानंदभाऊ," मी म्हटलं, "मशीन उघडण्याआधी तुम्ही काय करता?"

"वीज बंद करून लॉक करतो. टॅग लावतो."

"आणि?"

"आणि बटण दाबून बघतो. खरंच बंद आहे का."

"दुसरा म्हणाला बंद आहे, तर?"

"तरी स्वतः दाबायचं. त्याशिवाय हात घालायचा नाही." बोलता बोलता ते थांबले. मुलीकडे पाहिलं. "मॅडम, गोळ्या आजपासून सुरू करतो," ते म्हणाले. "आणि उद्या बटण दाबून बघतो."

प्रणालीला घरी ठेवा असं मी बजावलं होतं. पण तिला एकटं ठेवायला सुलोचनाताई धजावल्या नाहीत, आणि नवऱ्याला एकटं सोडायलाही. शुक्रवारी तिघंही आले. माझा जीव तेव्हापासूनच थाऱ्यावर नव्हता.

देवानंद पुढे गेले. ब्रदरच्या कानाशी वाकून बराच वेळ बोलले. डोळे पुसण्याचं नाटकही केलं. त्यांना जमेल असं मला वाटलं नव्हतं. ब्रदरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पांढऱ्या फडक्याने डबी पुसली आणि समोर धरली.

"दिसलं?" अतुलने विचारलं.

"दिसलं. लालभडक." देवानंद सगळ्यांकडे वळले. "मी यांना सांगितलं की माझ्या चुकीमुळे प्लांटमध्ये एक हेल्पर जळाला आणि मी ते दडपलं. अशी घटना घडलेलीच नाही. एक अक्षर खरं नाही. आणि यांची कुपी म्हणते, मी क्लिअर आहे!"

ब्रदरचं हसू तसंच राहिलं, फक्त फडक्यातला हात मागे गेला. पण देवानंदचा हात आधी पोचला. त्यांनी डबी उचलून दिव्यासमोर धरली आणि खिडकीची चांदीची कड बोटांनी फिरवली. काळोख. परत फिरवली. रक्त. काळोख. रक्त.

"पडदे उघडा," मी म्हटलं. कुणीतरी उघडले. झगझगीत उन्हात सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत होते.

देवानंदनी डबीची खिडकी खोलली. आत धुरकट रंगाच्या दोन पातळ फिती, एक काचेला, एक फिरत्या कडीला. "पोलरायझर," ते म्हणाले. "उन्हाच्या चष्म्यात असतो, मोबाईलच्या स्क्रीनमध्ये असतो. दोन्ही एका दिशेत आले की उजेड आरपार. एक आडवा फिरवला की बंद. पुसताना फडक्याआडून फिरवायचे." कुपीचं बूच काढून त्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गिअर ऑइल. लाल येतं ते. अतुल, तू पण घे वास. तुझ्याच स्टोअरमध्ये असतं."

अतुलने वास घेतला आणि तो मटकन खाली बसला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. टाळ्या, बुवा पळाला, सगळे शहाणे झाले. पण तेवढ्यात मागून एक विचित्र, घुसमटलेला आवाज आला आणि खुर्ची पडली. प्रणाली जमिनीवर होती. डोळे वर, दातखीळ बसलेली, सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि हॉलमधली सगळी अक्कल क्षणात मावळली.

"कुपी उघडली म्हणून झालं!" एक जण किंचाळला. "बंद करा ती, बंद करा!" दुसरी बाई ब्रदरच्या पाया पडली. एक सिव्हिल इंजिनीअर कांदा हुंगवायला स्वयंपाकघरात धावला. आत्ताच ज्यांनी फिती डोळ्यांनी पाहिल्या होत्या, तीच माणसं ही!

ब्रदर एडमंड संथ पावलांनी पुढे आला. तेल भरलेली तीच कुपी त्याने देवानंदच्या लुळ्या पडलेल्या हातातून काढून घेतली. "डोन्ट टच हर," तो म्हणाला. "इट इज लीव्हिंग हर." अतुल खाली बसल्या बसल्या, सवयीने, मराठी करून सांगू लागला, "हात लावू नका. ते तिच्यातून निघून चाललंय." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तोंड चालू होतं. असं भयाण दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही.

देवानंद उभेच. मी गुडघ्यांवर बसून पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी सरकवली. "रुग्णवाहिका बोलवा! तोंडात काही घालू नका! कावळ्यासारखे बघताय काय!" मी ओरडत होते. "कुपी उघडली म्हणून ती पडली नाही. तीन आठवडे गोळ्या बंद होत्या म्हणून पडली! कालच्या एका गोळीने लगेच भरून निघतं का?"

ब्रदरने वाकून कुपी प्रणालीच्या कपाळाकडे नेली. तेव्हा सुलोचनाताईंनी त्याचा हात धरला. धरला म्हणजे मनगट पिळलं. ती बाई कधी कुणाशी चढ्या आवाजात बोललेली मी ऐकली नव्हती.

"माझ्या पोरीला हात लावायचा नाही!" त्या म्हणाल्या. "चोर माझी पोर नाही. चोर तू!"

कुपी फुटली. संगमरवरी फरशीवर लाल तेल पसरलं. लोक मागे सरले, ते पायाला लागू नये म्हणून. सुलोचनाताई त्यात गुडघे टेकून बसल्या आणि मुलीचं डोकं सावरलं. मग कुठे देवानंदनी फोन काढला.

आकडी लवकर थांबेना. रुग्णवाहिकेत औषध दिलं तेव्हा थांबली. दवाखान्यातली डॉक्टर ओमानी होती, तरुण. तिने गोळ्यांचं विचारलं, उत्तर ऐकलं आणि या आईबापांकडे वळली. "आणखी उशीर झाला असता तर मेंदूला इजा झाली असती," ती इंग्रजीत म्हणाली. "किंवा तिला इथे आणायची गरजच उरली नसती." देवानंदनी भिंतीकडे तोंड केलं.

प्रणाली शुद्धीवर आली तेव्हा संध्याकाळ कलली होती. जीभ चावली गेल्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. तिने आईला विचारलं, "मम्मी, मी काय लपवलं होतं?"

"काही नाही गं," सुलोचनाताई म्हणाल्या. "तू काही केलं नाहीस. गोळ्या आम्ही बंद केल्या होत्या. आम्ही. तू नाही." हे त्या तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, ती झोपल्यावरसुद्धा.

प्रणाली आता शाळेत येते. त्या हॉलमधले निम्मे लोक आजही मला बाजारात पाहून रस्ता बदलतात. त्यांची गुपितं अजून त्या माणसाकडे आहेत, म्हणून तक्रार करायला कुणी पुढे येत नाही. आणि काही जण तर म्हणतात, कुपी खोटी होती, पण ब्रदर खरे होते. काय बोलायचं?

म्हणून हे लिहिते आहे. कुणाचा देव चांगला, कुणाचा धर्म खरा, यात मला पडायचं नाही. ज्याचं त्याने बघावं. पण जी वस्तू चमत्कार करते ती हातात घेऊन बघा. घेऊ देत नसतील तर तिथून उठा. तिला एकदा मुद्दाम खोटं सांगून बघा. आणि कुणीही, इंग्रज असो, मौलवी असो, स्वामी असो की सुटाबुटातला प्रोफेसर, आजारी माणसाचं औषध बंद करा म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा की उद्या हे माणूस पडलं तर तू माझ्यासोबत दवाखान्याच्या बाकावर बसणार आहेस का?

आम्ही त्या बाकावर तिघं बसलो होतो. ब्रदर एडमंड रुग्णवाहिका येण्याच्या आधीच व्हिलातून निसटला होता, आणि त्याचा फोन बंद झाला होता.